तिसऱ्या खेपेची विश्रांती

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. खरी तारांबळ पुढच्या खेपांना. नववा महिना लागलेला, कडेवर एक, पदराला दुसरं. विसावा घ्यायचा कधी? आमच्या पिढीतल्या बायकांनी आई, सासू, जावा यांच्या आधाराने ते दिवस काढले. गिरणीत राबणाऱ्या बाईला तोही आधार असेलच असं नव्हतं.

१९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात अशा कामगार बायकांसाठी विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळण्यात देशाचंच हित आहे, असं त्यांचं म्हणणं. स्वतःची चार मुलं त्यांनी लहानपणीच गमावली होती. १९२९ साली कायदा झाला.

पुढे १९६१च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवड्यांची पगारी रजा दिली, २०१७च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची. मात्र दोन मुलं हयात असतील तर १२च, आणि त्यातले बाळंतपणाआधी फार तर ६.

लोकसंख्येची काळजी मला कळते. पण जिच्या घरी आधीच दोन लहानगी आहेत, तिलाच विश्रांती कमी, हा हिशेब काही पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?