श्रेयनामावली, रहस्यपटांतील

चित्रपटाच्या प्रारंभी कलावंतांची व तंत्रज्ञांची नावे ज्या दृश्यबंधातून पडद्यावर येतात, त्यास श्रेयनामावली अशी संज्ञा आहे. प्रेक्षकांच्या बोलीत तिला ‘पाट्या’ किंवा ‘टायटल्स’ म्हणतात. मूलतः हा एक दस्तऐवजी मजकूर होय. कोणाचे नाव आधी, कोणाचे स्वतंत्र पाटीवर, कोणाचे किती मोठ्या अक्षरांत, या बाबी बहुधा करारनाम्याच्या शर्तींनी मुक्रर झालेल्या असतात. भारतात तिच्याही आधी, १९५२च्या चलच्चित्र अधिनियमान्वये मिळालेला परीक्षण मंडळाचा दाखला झळकतो. एकेकाळी त्यावरील रिळांची संख्या वाचून चित्रपट किती वाजता सुटणार याचा अदमास प्रेक्षक बांधीत. कथा अद्याप सुरू झालेली नसताना सक्तीने काढाव्या लागणाऱ्या या दोन-तीन मिनिटांचा सर्वांत धूर्त विनियोग जर कोणी केला असेल, तर तो रहस्यपटाने.

त्याची युक्ती अशी की, उत्तर प्रश्नाच्या आधी सांगावे, परंतु ते अशा सांकेतिक रूपात की प्रश्न उमगेपर्यंत त्याचा अर्थ लागू नये. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’ (१९५८) या चित्रपटासाठी सॉल बास यांनी केलेल्या नामावलीत एका स्त्रीच्या मुद्रेवरून दृष्टी तिच्या डोळ्यापर्यंत जाते आणि त्या डोळ्यातून चक्राकार आवर्ते गरगरत बाहेर पडतात. नायकाला उंचीवरून येणारी भोवळ आणि एकाच स्त्रीभोवती फिरत राहणारे त्याचे वेड ही दोन्ही तेथे आधीच सांगून झालेली असतात. ‘सायको’ (१९६०)मध्ये करड्या पट्ट्या सरकत येऊन अक्षरे मधोमध चिरतात, सांधतात, पुन्हा चिरतात, आणि पाठीमागे बर्नार्ड हर्मन यांची केवळ तंतुवाद्यांची रचना धाप लागल्यासारखी धावते. दुभंगलेल्या मनाची ती कैफियतच असते, पण प्रेक्षक तिला नक्षी समजून पाहतो.

येथे लिपीचा मुद्दा विचारार्ह आहे. रोमन अक्षरे सुटी असल्याने ती विखुरणे सोपे. देवनागरीत शिरोरेषा अवघा शब्द एका सूत्रात बांधून धरते, म्हणून ती रेषा एका जागी तुटली तरी शब्दाचा कणाच मोडल्यासारखा वाटतो. रहस्यपटाला अनुकूल असे हे सामर्थ्य आपल्या लिपीत अंगभूत आहे. कमल शेडगे यांच्यासारख्या अक्षररचनाकारांनी मराठी नाटके व चित्रपट यांच्या शीर्षकांतून, केवळ अक्षरांच्या वळणावरून कलाकृतीची प्रकृती ओळखता येते हे सिद्ध केले. तथापि शीर्षकापुढील नावांना तेवढे भाग्य क्वचितच लाभले, याची खंत वाटते.

पुण्याचा या विषयाशी संबंध जुना आहे. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यास आली आणि व्ही. शांताराम यांच्या ‘अमृतमंथन’ (१९३४)मध्ये राजगुरूच्या भूमिकेतील चंद्रमोहन यांचा एकच डोळा पडदाभर दिसला. हे दृश्य नामावलीतील नव्हे. परंतु केवळ एका नेत्रातून कारस्थानाची चाहूल देण्याचे तंत्र ‘व्हर्टिगो’पूर्वी चोवीस वर्षे येथे सिद्ध झाले होते, एवढे नमूद करणे न्याय्य ठरेल. त्याच प्रभातच्या आवारात १९६० साली चित्रपटशिक्षणाची शासकीय संस्था स्थापन झाली आणि तेथेच शिकलेल्या श्रीराम राघवन यांनी ‘जॉनी गद्दार’ (२००७) रहस्यपटांचे दिग्दर्शक विजय आनंद व रहस्यकथाकार जेम्स हॅडली चेस यांना अर्पण करून, अर्पणपत्रिका हाही नामावलीतील सूचक इशारा होऊ शकतो, हे दाखविले.

नामावलीचे आणखी एक कार्य व्यावहारिक आहे; ते म्हणजे उशिरा येणाऱ्यांस सवलत देणे. पुण्यात स्वारगेटला एसटीतून उतरून, चौकातील गर्दी ओलांडून जवळच्याच लक्ष्मीनारायण चित्रपटगृहाकडे धावत निघालेल्या प्रेक्षकाला ‘पाट्या चालू असतील अजून’ हाच काय तो दिलासा असे. (‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’, १९५९, या चित्रपटाच्या नामावलीअखेरीस खुद्द हिचकॉक यांच्या तोंडावर बसचे दार बंद होते, स्वारगेटच्या नित्याच्या प्रवाशास या दृश्याचे स्पष्टीकरण नको.) ‘सायको’च्या वेळी हिचकॉक यांनी ही सवलतच रद्द करविली, खेळ सुरू झाल्यावर कोणासही आत सोडू नये, असा दंडक चित्रपटगृहांना घालून देण्यात आला.

राघवन यांचा पुण्यात घडणारा ‘अंधाधुन’ (२०१८) या दंडकाचे मर्म जाणतो. आरंभी कोबीच्या शेतात एका डोळ्याने अधू असलेल्या सशामागे शिकारी लागतो, बार उडतो आणि पडदा काळा होतो. मग पियानो वाजू लागतो आणि सशाचा विषय जणू मिटतो. अखेरच्या दृश्यात नायक आपली कहाणी सांगतो तेव्हा तोच ससा त्याच्या साक्षीला उभा राहतो, आणि नायकाच्या हातातील काठीच्या मुठीवरही सशाचेच मस्तक असते. जो प्रेक्षक सुरुवातीस अंधारात आपली खुर्ची चाचपीत होता, त्याला या साक्षीची उलटतपासणी करता येत नाही. ज्याने शेत पाहिले आहे, तो मात्र दिवे लागल्यावरही जागेवरून उठत नाही.