हौद कोणाच्या खर्चाने?

1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी राजर्षी शाहू महाराज विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचे कोलोझियम पाहिले आणि त्या भग्न वास्तूतून एक उपयोगाची गोष्ट मनात ठेवली. चहूबाजूंनी वर चढत जाणारी गोल बैठक असली की कुठेही बसलेल्या माणसाला मधली झुंज सारखीच दिसते. पुढे 1907 मध्ये कोल्हापुरात खासबागेच्या कुस्ती मैदानाचे काम सुरू झाले आणि 1912 मध्ये ते पुरे झाले. मध्ये लाल मातीचा आखाडा आणि भोवती सुमारे 30 हजार माणसे बसतील अशी जागा. शेजारीच 1915 मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. या दोन्ही वास्तूंबद्दल कोल्हापूर अभिमानाने बोलते आणि ते योग्यच आहे. पण त्या अभिमानात एक साधी गोष्ट मागे पडते. खासबाग हा सरकारी खर्च होता. एका संस्थानाने रयतेच्या महसुलातून, रयतेच्या तरुण पोरांनी खेळावे आणि बाकीच्यांनी ते बसून पाहावे, एवढ्यासाठी बांधकाम केले होते.

ही गोष्ट आज आठवायची ती एका नव्या मागणीच्या संदर्भात. उद्या एखाद्या पेठेतल्या किंवा उपनगरातल्या मुलांनी महापालिकेकडे स्केट पार्क, म्हणजे चाकांच्या फळ्या चालवायची जागा, मागितला, तर बहुतेक वडीलधारी मंडळी त्याला परदेशी खूळ म्हणतील आणि खड्डे बुजवायला पैसा नाही हेही ऐकवतील. त्या मुलांच्या बाजूने बोलताना ऑलिम्पिकचा दाखला देता येतो. टोकियोत स्केटबोर्डिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आले आणि जपानच्या मोमिजी निशियाने तेराव्या वर्षी सुवर्णपदक जिंकले. पण त्याहून जवळचा आणि भक्कम दाखला खासबागेचा आहे. खेळाच्या जागेवर सार्वजनिक पैसा घालणे ही कोल्हापुरात मुळीच नवी मागणी नाही. ती इथली रीत आहे, आणि त्या रीतीला एक ठरलेली घडण आहे: जागा आणि बांधकाम राज्याचे, त्यातला जीव पेठेचा. योगायोग असा की तालमीतली कुस्ती मातीच्या हौदात होते, तसा स्केट पार्कचा जन्मही हौदातच झाला. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि मुले त्या रिकाम्या हौदांच्या गोलसर भिंतींवर फळ्या चालवू लागली. आजच्या स्केट पार्कमधला सिमेंटचा खोलगट भाग हा त्याच कोरड्या हौदाचा वंशज आहे.

रीतीचा दुसरा भाग, म्हणजे पेठेचा जीव, नीट समजून घेतला पाहिजे, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. खासबागेत कुस्ती व्हायची, पण मल्ल तिथे घडत नव्हता. तो गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत घडत होता. तालीम म्हणजे केवळ इमारत नव्हे. पहाटे उठून हौदाची माती उकरायची, तिच्यात हळद, ताक, तेल मुरवायचे, ती पुन्हा सारखी करायची, ही कामे पोरेच करत. जोर-बैठका कोणी किती मारायच्या आणि कोणाला कोणाबरोबर लढत द्यायची, हे वस्ताद ठरवी. लहान पोराला मोठा पोरगा डाव दाखवी. खेडेगावातून आलेला मुलगा तालमीतच राही, स्वतःच रांधून खाई, आणि त्याच्या खुराकाची काळजी घरचे, गावकरी आणि आश्रयदाते वाहत. या शिस्तीसाठी कुठल्या खात्याला माणूस नेमावा लागला नाही. राज्याने आश्रय दिला, उत्तरेतले नामांकित मल्ल इथे आणले आणि झुंजीसाठी देशात नाव होईल असे मैदान दिले. रोजची राखण मात्र लोकांनी केली. दोन्ही बाजूंनी आपापला वाटा उचलला म्हणूनच या शहराला कुस्तीची पंढरी म्हणतात. नुसते मैदान असते तर रोमसारखे पाहायला जायचे अवशेष उरले असते. नुसत्या तालमी असत्या तर मल्लांना एवढी मोठी जागा आणि एवढा प्रेक्षक मिळाला नसता.

यावर पहिला आक्षेप असा की तो राजाचा खजिना होता. लोकनियुक्त महापालिकेने करदात्याचा पैसा असा उधळू नये. पण राजाचा खजिना आकाशातून पडलेला नव्हता, तो शेतसाऱ्याचा होता. शिवाय त्याच राजवटीचा बाकीचा खर्च पाहावा. ज्या काळात खासबाग उभी राहत होती त्याच काळात राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले गेले, जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे निघत होती, आणि 1917 मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. पाणी आधी की खेळ आधी, असा पेच महाराजांनी घातला नाही. खेळाची जागा हा त्यांच्या लोककल्याणाच्या हिशेबातला एक रकाना होता. तो रकाना पुसला गेल्यावर काय होते, हेही कोल्हापूरने पाहिले आहे. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकला मल्ल खाशाबा जाधव गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. 1952 मध्ये हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला जायची वेळ आली तेव्हा त्यांना वर्गणी गोळा करत फिरावे लागले, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून 7 हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक अशा रीतीने एका शिक्षकाच्या घरावर तोलले गेले. ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगितली जाते, आणि तो त्याग मोठाच आहे. पण ती एका रिकाम्या जागेचीही गोष्ट आहे. राजाश्रय संपला आणि त्याच्या जागी कोणाचे कर्तव्य सुरू झाले, हे ठरलेलेच नव्हते.

आज ते ठरलेले आहे. घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या कामांमध्ये उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात मात्र कामांचे दोन वर्ग केलेले आहेत, बंधनकारक आणि ऐच्छिक. पाणी, गटारे, रस्ते पहिल्या वर्गात येतात. उद्याने आणि खेळाच्या जागा दुसऱ्या. त्यामुळे अंदाजपत्रकात पैसा कमी पडला की कात्री दुसऱ्या वर्गावर चालते, आणि तसे करणाऱ्याला कायद्याचा आधारही असतो. काळम्मावाडीहून थेट पाईपलाईनने पाणी येण्यासाठी ज्या शहराने वर्षानुवर्षे वाट पाहिली, तिथे पाण्याआधी खेळ असे कोणी म्हणणार नाही आणि म्हणूही नये. पण ऐच्छिक म्हणजे अनावश्यक नव्हे. हौद एकदा चांगला बांधला की सिमेंटला रोज ताक आणि तेल लागत नाही. खर्चाचा मोठा भाग सुरुवातीलाच होऊन जातो. पंचगंगेच्या 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर पाण्याला जागा देण्याचे महत्त्व या शहराला शिकवावे लागत नाही. डेन्मार्कमधल्या रॉस्किल्डे शहराने स्केट पार्क आणि पावसाचे पाणी साठवायची जागा एकत्रच बांधली: कोरड्या दिवसांत मुले खेळतात, मुसळधार पावसात पाणी तिथे थांबते. पंचगंगेचा पूर अशा एका खड्ड्याने अडणार नाही, हे उघड आहे. पण एखाद्या सखल वस्तीत तुंबणाऱ्या पावसाच्या पाण्यासाठी असा विचार करता येतो, आणि मग तोच खर्च दोन कामांचा होतो.

परकेपणाचा आक्षेप कोल्हापुरात तरी टिकू नये. फुटबॉल कुठे इथल्या मातीत उगवला होता? तरीही आज पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम ही नावे ऐकली की या शहराला आधी फुटबॉलचे संघ आठवतात. शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ लोटते. हा विलायती खेळ घेण्यासाठी नवे क्लब काढावे लागले नाहीत; तालमींनीच तो आपल्या नावाखाली घेतला. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. आणि ज्या खासबागेला आपण अस्सल कोल्हापुरी म्हणतो, तिची कल्पना रोमहून आली, हे वर आलेच आहे. खेळ कुठून आला यावर तो आपला होत नाही. तो कोण खेळतो आणि त्याची राखण कोण करतो, यावर होतो.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे: बांधकाम होते, फीत कापली जाते आणि नंतर जागा ओस पडते किंवा मंडपवाल्यांच्या ताब्यात जाते. हा आक्षेप खरा आहे, आणि तालमींचा इतिहासही त्याला पुरता अपवाद नाही. मेहनत करणारी पोरे कमी झाली तिथे तालमीचे नाव वर्गणी आणि निवडणुकीपुरते उरण्याचा धोका असतोच. म्हणून मुलांनी आधी, एखाद्या मोकळ्या फरशीवर का होईना, खेळणारे जमवावेत आणि मग पार्क मागावा. महापालिकेनेही पार्क देताना मालकी आपल्याकडे ठेवावी, रोजचा कारभार लेखी अटींवर खेळणाऱ्यांच्या मंडळाकडे द्यावा, आणि जागा दुसऱ्या कामाला भाड्याने देता येणार नाही ही अट त्यात घालावी. मध्य प्रदेशात पन्नाजवळच्या जनवार गावात 2015 मध्ये खासगी प्रयत्नातून स्केट पार्क झाला. तिथे दोनच नियम ठेवले: शाळेत गेले नाही तर खेळायला मिळणार नाही, आणि आधी मुलींचा नंबर. वस्तादाच्या शिस्तीशी पहिल्या नियमाचे नाते आहे. दुसरा नियम मात्र आपल्या जुन्या तालमीत नव्हता. वडणग्याच्या रेश्मा माने हिच्यासारख्या मुलींनी कुस्तीत नाव काढले ते त्या बंद दाराला धक्का देऊन. नव्या हौदाला दार पहिल्या दिवसापासून उघडे ठेवता येईल, आणि माझ्या दृष्टीने सार्वजनिक पैसा मागण्याचे हे सर्वांत सबळ कारण आहे. दुखापतीचे म्हणाल तर उताराच्या भर रस्त्यावर वाहनांमधून फळी चालवण्यापेक्षा बांधलेला हौद केव्हाही सुरक्षित. कॅलिफोर्नियातही नगरपालिका दाव्यांच्या भीतीने मागे सरत होत्या. 1997 मध्ये तिथल्या कायद्याने त्यांची जबाबदारी मर्यादित केली आणि मग गावोगावी सार्वजनिक पार्क झाले. आणि असा पार्क टिकतोही: इंग्लंडमध्ये हॉर्नचर्चचा 1978 सालचा रोम नावाचा स्केट पार्क 2014 मध्ये चक्क संरक्षित वारसा वास्तूंच्या यादीत गेला.

मागायचे कसे, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. शहरातला टोल 2015 मध्ये रद्द झाला तो पेठापेठांतून उठलेल्या कृती समितीच्या रेट्यामुळे. स्केट पार्कसाठी मोर्चाची गरज नाही, अर्जाची आहे, आणि तो अर्ज नेमक्या जागेवर बोट ठेवणारा हवा. विकास आराखड्यात क्रीडांगण म्हणून आरक्षित असलेला भूखंड शोधावा, त्याचा सर्व्हे क्रमांक लिहावा, तालमींचे पत्र जोडावे. यात उशीर महाग पडतो. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 127 प्रमाणे आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर दोन वर्षांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण उठते. मग नकाशावरच्या त्या हिरव्या चौकोनावर इमारतीचा पाया खोदला जातो, आणि मुलांना पुन्हा रस्त्याच्या उतारावर जावे लागते.