२००६ चा सप्टेंबर : दहशत कुणाची, बातमी कुणाची?

'दहशतवादी' हा शब्द कानावर पडला की डोळ्यांसमोर एक ठराविक चेहरा येतो. तो चेहरा आपण प्रत्यक्षात कधी पाहिला होता? नाही. तो आपल्याला दाखवला गेला. कसा दाखवला, हे समजून घ्यायचे असेल तर महाराष्ट्राच्या इतिहासातला एक महिना नीट वाचावा लागेल.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे गेली. त्यानंतरची भीती खोटी नव्हती. आम्हीही त्याच लोकलने जात होतो, त्याच भीतीने शेजारच्या पिशवीकडे बघत होतो. प्रश्न आहे तो पुढचा : या खऱ्या भीतीला चेहरा कुणी दिला?

८ सप्टेंबर २००६. शुक्रवार, शब-ए-बारातचा दिवस. मालेगावात नमाजानंतर बडा कब्रस्तानात आणि मुशावरत चौकात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे मेली, त्यांत बहुतेक मुस्लीम. आणि अटक कुणाला झाली? नऊ मुस्लिमांना. मग 'सूत्रांकडून समजते' ही पत्रकारिता सुरू झाली. पोलिसांच्या कागदावरचा 'संशयित' मथळ्यात येईपर्यंत 'अतिरेकी' होतो. आरोपपत्र म्हणजेच निकाल, असे वाचकाला वाटू लागते. पुढे तपास एनआयएकडे गेला. २०११ मध्ये जामीन मिळाला, २०१३ मध्ये एनआयएने वेगळ्याच लोकांवर आरोपपत्र ठेवले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने आधीच्या आरोपींना दोषमुक्त केले. एकजण तो दिवस पाहायलाही जिवंत नव्हता. अटकेची बातमी जितक्या घरांत पोहोचली, तितक्या घरांत ही बातमी पोहोचली का? तुम्हीच आठवून पहा.

मालेगावनंतर अवघ्या एकवीस दिवसांनी, २९ सप्टेंबरला, भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांची जमावाने निर्घृण हत्या केली. एका कुटुंबाला ठेचून सगळ्या वस्तीला धडा शिकवणे, यालाच दहशत म्हणतात ना? पण हा शब्द कुणी वापरला नाही. उलट सुरुवातीच्या बातम्यांत सुरेखाबाईंच्या चारित्र्यावरच शिंतोडे उडवले गेले. देशातल्या मोठ्या माध्यमांना जाग यायला महिना लागला, तीही आमचे लोक रस्त्यावर उतरले म्हणून.

आणि रस्त्यावर उतरताच काय झाले? आंदोलनामागे नक्षलवादी असल्याचा संशय खुद्द तत्कालीन गृहमंत्र्यांनी बोलून दाखवला आणि तो छापूनही आला. नोव्हेंबरअखेर कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, साचलेला संताप उसळला आणि उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जाळले गेले. जाळपोळीचे समर्थन आम्ही करत नाही. पण प्रवाशांना आधी खाली उतरवून जाळलेल्या त्या डब्यांचे चित्र घराघरांत पोहोचले. खैरलांजीचे चार मृतदेह मात्र पोहोचले नव्हते. ज्यांच्यावर दहशत बसवली गेली, त्यांचीच दहशत वाटावी, अशी ही किमया!

हे योगायोगाने होत नाही. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांच्या २०१९ च्या अहवालात माध्यमांतील १२१ प्रमुख पदे तपासली गेली. १०६ पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही नव्हता. कुणाच्या मरणाने हादरायचे आणि कुणाला घाबरायचे, हे ठरवणाऱ्या टेबलाशी आम्ही नाहीच!

एकदा हा शिक्का मारायची सवय लागली की तो कुणावरही मारता येतो. खैरलांजीवर पुस्तक लिहिणारे आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, ऐन भीमजयंतीला, यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली कोठडीत गेले. तोवर वाहिन्यांनी 'शहरी नक्षल' हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला होता. म्हणूनच मालेगावचा प्रश्न 'त्यांचा' आणि खैरलांजीचा 'आपला', अशी वाटणी करणाऱ्या आमच्याच बांधवांना आम्ही सांगतो : शिक्का एकच आहे, फक्त कपाळ बदलते.

बाबासाहेबांनी हे शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते. पैसे मोजूनही 'मूकनायक'ची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. त्यावर रडत न बसता त्यांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला, पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत'.

मित्रांनो, आपल्या हातात आज मोबाईल आहे. दहशतीची पुढची बातमी फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे कोण सांगतंय, पोलीस की न्यायालय? मेलेला कोण आहे? आणि ही भीती कुणाच्या कामाची आहे? उत्तर मिळेपर्यंत बोट थांबवा. आणि आपल्या गावातल्या ज्या दहशतीची बातमी होत नाही, ती तारीख-वारासह स्वतः लिहून काढा.

जयभीम!