बायपास की गोळ्या? एका जुन्या भांडणाची गोष्ट

मागच्या दिवाळीत आमच्या बाबांना जिना चढताना छातीत दाटून यायला लागलं. थांबले की दोन-तीन मिनिटांत बरं वाटायचं. साधारण तेवढ्याच श्रमाला येतं आणि आराम केला की जातं, अशा दुखण्याला डॉक्टर स्टेबल अंजायना म्हणतात. अँजिओग्राफी झाली आणि घरात दोन पक्ष पडले. काका म्हणाले, "बायपास उरकून टाका, कटकट संपेल." आत्या म्हणाली, "गोळ्यांवर भागत असेल तर छाती कशाला उघडायची?" मी पडलो इंजिनियर. मला दोघांना एकच विचारायचं होतं, डेटा कुठंय? तो शोधता शोधता हा एपिसोड तयार झाला.

गोष्ट बायपासच्याही आधी सुरू होते. १९५० च्या दशकात अमेरिकेत अंजायनावर एक ऑपरेशन गाजत होतं. छातीच्या हाडामागून जाणाऱ्या दोन धमन्या दोऱ्याने बांधून टाकायच्या, म्हणजे तिथलं रक्त हृदयाकडे वळेल, असा हिशेब. पेशंट खूश होते. दुखणं कमी, गोळ्या कमी. मग सिएटलमध्ये लेनर्ड कॉब आणि सहकाऱ्यांनी १७ पेशंट घेतले. छातीवर चिरा सगळ्यांना दिला, पण धमन्या बांधल्या फक्त ८ जणांच्या. उरलेल्या ९ जणांना चिरा देऊन नुसतेच टाके घातले. १९५९ साली निकाल छापून आला. आराम दोन्ही गटांना सारखाच! (आपल्याबरोबर नेमकं काय होणार, हे पेशंटना पुरतं सांगितलेलं नव्हतं. आज हे कुणी चालवून घेणार नाही.) ते ऑपरेशन लवकरच मागे पडलं.

आता १९६७. क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रेने फाव्हालोरो हे अर्जेंटिनाचे सर्जन. आधी बारा वर्षं खेड्यात डॉक्टरकी केलेला माणूस. त्यांनी पायातली शीर काढून हृदयाच्या तुंबलेल्या धमनीला पर्यायी वाट करून दिली. लॉजिक एकदम स्वच्छ होतं. रस्ता जाम आहे, बाजूने दुसरा काढा. शिवाय पेशंटचं दुखणं खरंच थांबत होतं. दहा वर्षांत अमेरिकेत दरवर्षी हजारोंनी बायपास व्हायला लागल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग संपायच्या आत प्रॉडक्शनला गेलेलं फीचर. दुखणं थांबतं हे दिसत होतं, पण माणूस जास्त जगतो का?

हे तपासलं अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांनी. १९७२ ते ७४ मध्ये पेशंटची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली, काहींना बायपास, काहींना औषधं. डाव्या बाजूच्या मुख्य धमनीत, म्हणजे 'लेफ्ट मेन'मध्ये, अडथळा असलेल्यांना ऑपरेशनचा फायदा लवकरच स्पष्ट दिसला. उरलेल्या ५९६ जणांचा निकाल १९७७ मध्ये आला. तीन वर्षांनी औषधवाले ८७ टक्के जिवंत, बायपासवाले ८८ टक्के. झालं, वादळ उठलं! सर्जन म्हणाले, तुमच्याकडे ऑपरेशननंतर ५.६ टक्के लोक गेले, चांगल्या सेंटरमध्ये एवढे जात नाहीत. मला विचाराल तर त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं.

हिशेब बराचसा जुळला १९९४ मध्ये. सलीम युसुफ आणि सहकाऱ्यांनी अशा सात चाचण्यांचे मिळून २,६४९ पेशंट एकत्र मोजले. पाच वर्षांत बायपास गटात १०.२ टक्के मृत्यू, औषध गटात १५.८. म्हणजे काका जिंकले? थांबा. हा फायदा सगळ्यांना सारखा नव्हता. लेफ्ट मेन किंवा तिन्ही धमन्या तुंबलेल्यांना तो ठळक होता, कमी धोका असलेल्यांना जवळपास दिसतच नव्हता. आणि ती औषधं होती जुन्या काळातली. कोलेस्टेरॉल उतरवणारी पहिली स्टॅटिन गोळी अमेरिकेत आली १९८७ ला, या चाचण्यांमधल्या भरत्या होऊन गेल्यावर.

म्हणून नवी औषधं घेऊन परत सामना झाला. 'इस्केमिया' नावाची चाचणी, ५,१७९ पेशंट, भारतातलेही त्यात होते. एका गटाला फक्त औषधं. दुसऱ्याला औषधं अधिक अँजिओग्राफी, आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, त्यात स्टेंट जास्त. २०२० मध्ये निकाल आला. साधारण तीन वर्षांत एका गटात १४५ मृत्यू, दुसऱ्यात १४४. मात्र ज्यांना वरचेवर दुखायचं, त्यांना दुसऱ्या गटात जास्त आराम मिळाला. लेफ्ट मेनवाले आणि हृदयाचं पंपिंग फारच कमी असलेले यात घेतलेच नव्हते, हे विसरू नका.

मग मी बाबांची फाइल घेऊन डॉक्टरांकडे गेलो. लेफ्ट मेन कसं आहे? किती धमन्या? पंपिंग किती? लेफ्ट मेन मोकळं निघालं, पंपिंगही चांगलं. डॉक्टर म्हणाले, आधी गोळ्या नीट घेऊन बघू, दुखणं आवरलं नाही तर परत बोलू. तुमच्या घरची फाइल वेगळी असेल, तेव्हा हे ऐकून कुणाच्या गोळ्या बदलू नका. आणि बसल्या जागी दुखायला लागलं किंवा दुखणं अचानक वाढलं, तर ते स्टेबल नाही, थेट हॉस्पिटल गाठा.

बाबा आता दोन मजले न थांबता चढतात. काका अजून फुगलेत. पुढच्या भागात स्टेंट.