पाटीवरचा जुना 'यू'

घोडबंदर रस्त्यानें ठाण्याहून निघालेल्या प्रवाशास वाटेंत इंग्रजी पाट्या लागतात. त्यांवर 'बंदर' लिहितांना 'बी' पुढें बहुधा 'यू' घातलेला असतो; आजच्या रीतीनें तेथें 'ए' हवा. मग हा 'यू' आला कोठून?

श्रोतेहो, जुन्या इंग्रजांच्या कानास आपला ऱ्हस्व 'अ' त्यांच्या 'कप', 'बट' या शब्दांतील स्वरासारखा वाटे, म्हणून ते 'यू' लिहीत. पंजाबच्या इंग्रजी नांवांतील 'यू' हि त्याच कानाची खूण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विल्यम हंटर यांच्या पद्धतीनें सरकारी लेखनांत 'ए' रूढ झाला. परंतु कित्येक नांवांनीं आपला 'यू' सोडला नाहीं.

हिंदुस्थानांतील इंग्रजांच्या बोलींतील शब्दांचा हेन्री यूल व आर्थर बर्नेल यांचा कोश, 'हॉब्सन-जॉब्सन', १८८६ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत 'बी, यू, एन, डी' या चार अक्षरांचें एक कुटुंबच भेटतें. 'बंड' म्हणजे बांध. शांघायच्या नदीकांठच्या प्रसिद्ध रस्त्यास हेंच नांव मिळालें. 'बंदर' म्हणजे धक्का. 'बंदर-बोट' म्हणजे धक्क्यापासून नांगरलेल्या जहाजापर्यंत ये-जा करणारी होडी. 'शाबंदर' म्हणजे शाहबंदर, बंदराचा मुख्य अधिकारी. शिवाय 'बंदोबस्त' आणि 'बंदूक' हेहि आहेतच.

दिसावयास हीं सारीं भावंडें. परंतु अक्षरें सारखीं म्हणून रक्त एक, असें नव्हे. 'बंदोबस्त' फारसी, बांधण्याच्या अर्थाचा. आपलें 'बंधन' आणि इंग्रजांचें 'बंडल' हे त्याचे दूरचे सगेच. 'बंदूक' मात्र परघरची. अरबींत 'बुंदुक' हें एका कठीण कवचाच्या फळाचें नांव. त्यावरून त्या आकाराची गोळी, आणि गोळीवरून ती फेकणारें हत्यार.

आपल्या घोडबंदरचें 'बंदर' मात्र निःसंशय फारसी धक्क्याचें. वसईच्या खाडीकांठीं पोर्तुगीजांचा किल्ला होता, तो १७३७ मध्यें मराठ्यांनीं घेतला. येथें परदेशचे घोडे उतरत, म्हणून हें नांव पडलें, अशी परंपरागत समजूत आहे.

पुढें 'बंदर-बोट' आणि 'शाबंदर' हे शब्द इंग्रजींतून मावळले. ज्या व्यापारासाठीं ते घेतले होते, तोच बदलला. इंडोनेशियांत मात्र बंदराच्या अधिकाऱ्यास आजहि 'स्याहबंदर' म्हणतात. आणि मराठींत 'बंदर' शब्द तर कधीं जुना झालाच नाहीं. परकी भाषा शब्द उसना घेते व काम संपतांच टाकून देते. ज्यांचें जगणें त्या शब्दाशीं निगडित, तेच त्याला सांभाळतात.

आज या रस्त्यावर शिडांऐवजीं उंच इमारती दिसतात. उद्यां कोणी पाटी रंगवितांना 'यू' पुसून 'ए' लिहील. लेखन शुद्ध होईल, यांत शंका नाहीं. पण आपला 'अ' प्रथम ऐकणाऱ्या एका परकी कानाची साक्ष त्याबरोबर पुसली जाईल. तेव्हां पुसण्यापूर्वीं ती एकदां वाचून घ्यावी, एवढेंच सांगणें.