वसईच्या घंटा कोणाच्या?

अंजूर फाटा हे नाव तुम्ही ट्रॅफिकच्या बातम्यांत नाहीतर पार्सल ट्रॅक करताना वाचलं असेल. भिवंडीजवळ, गोदामांच्या पट्ट्यातलं हे अंजूर. अठराव्या शतकात मात्र या गावाचं नाव पेशव्यांच्या दरबारात पोचलं होतं. इथले गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ पोर्तुगीजांच्या धार्मिक जाचाविरुद्ध मराठ्यांकडे मदत मागत राहिले. मार्च १७३७ मध्ये मोहीम सुरू झाली. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. आपण पुढचं बोलू.

वसई मोहिमेत चर्चच्या मोठमोठ्या ओतीव घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. विजयाची खूण म्हणून त्या देवळांत बांधल्या गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकर मंदिरात एक आहे. भीमाशंकरला एक. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर आणखी एक. तिच्यावर चक्क मेरी आणि बाळ येशू आहेत.

आता जरा लंडनला जाऊ. जुलै २०२४ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्याला आली. कायमची नाही, तीन वर्षांच्या बोलीवर. सांस्कृतिक मुत्सद्देगिरी म्हणतात ती हीच: मालकीचा वाद मिटला नसला, तरी वस्तूच्या निमित्ताने दोन देश बोलत राहतात.

मग उद्या पोर्तुगालने घंटा मागितल्या तर? "लढून जिंकल्यात" असं आपण म्हणालो, तर इंग्रजही तेच म्हणतील. कोहिनूर १८४९ मध्ये युद्धानंतरच्या तहातच गेला ना! आणि युनेस्कोचा १९७० चा करार जुन्या काळाला लागू होत नाही. म्हणजे कायदा इथे हात वर करतो.

पण मला वाटतं, यात लिस्बनपेक्षा वसईचा हक्क जवळचा आहे. त्या घंटा ऐकून प्रार्थनेला जाणारे बरेच जण इथलेच होते. पोर्तुगीज गेले, ते राहिले. वसईतली ख्रिस्ती घरं आजही सामवेदी, वाडवळी बोलतात. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. म्हणजे घंटा जिंकणारे मराठी, आणि ज्यांच्या गावातून ती गेली तेही मराठीच.

म्हणून घंटा हलवायची गरज नाही. पावणेतीनशेहून जास्त वर्षं देवळांनी त्या जपल्यात. फक्त शेजारी एक खरी पाटी हवी, मराठीत आणि पोर्तुगीजमध्ये: घंटा कुठून आली, कशी आली, तिच्यावर काय लिहिलंय. एवढं केलं, तर लंडनकडे आपल्या वस्तू मागताना आपला आवाज जास्त ठाम असेल.

मेणवलीला गेलात तर घंटा नीट बघा. फोटो काढा, कमेंटमध्ये टाका. भेटू पुढच्या भागात!