ओला अळता

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी मुली नखे रंगवायला बसतात. आधी पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाचा एक हात, त्यावर टाचणीच्या टोकाने पाच ठिपक्यांचे फूल, शेजारी एखादे हिरवे पान. आणि मग बोटे फाकवून फुंकर घालीत बसणे. तेवढ्यात दाराची घंटा वाजली तर दार कोणी उघडायचे, यावरून थोडे भांडणही होते. साहित्याच्या अभ्यासकाने दखल घ्यावी असे यात काय आहे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की या फुंकरीला वाङ्मयात सुमारे दीड हजार वर्षांचा आधार आहे, आणि तोही वसंतोत्सवातलाच.

'मालविकाग्निमित्र' वसंतोत्सवात सादर करावयाचे आहे, असे प्रस्तावनेत सूत्रधारच सांगतो. त्याच्या तिसऱ्या अंकात प्रमदवनातला अशोक फुललेला नाही. तरुणीच्या अलंकृत पायाच्या आघाताने तो फुलतो, हा दोहदाचा कविसंकेत आपल्या परिचयाचा आहे. हे काम धारिणी राणीचे. पण झोपाळ्यावरून पडून तिचा पाय दुखावला आहे, म्हणून तिने आपल्याऐवजी मालविकेला पाठवले आहे. सखी बकुलावलिका अळता आणि नूपुरे घेऊन येते, मालविकेला शिळेवर बसवते आणि तिचे पाऊल रंगवू लागते. अग्निमित्र आणि विदूषक आडून पाहत आहेत.

हा प्रवेश आम्ही शिकलो तो शृंगाराचा नमुना म्हणून. पावलाच्या कडेने उमटलेली ओली लाल रेघ राजाला जळालेल्या मदनवृक्षाला फुटलेल्या पहिल्या पालवीसारखी वाटते. नखांची झळाळी त्याच्या नजरेतून सुटत नाही. उपमा, व्यंजना, विप्रलंभ, सारे काही परीक्षेपुरते पाठ झाले. पाय रंगवणारी मात्र टिपणांत कोठेच नव्हती. वस्तुतः या प्रवेशात खरे काम करणारी तीच एकटी आहे. राजा पाहतो, विदूषक बोलतो, मालविका संकोचाने बसून असते.

कालिदास मात्र तिला विसरलेला नाही. एक पाऊल पुरे झाले, आता तोंडाने वारा घालायचे तेवढे बाकी आहे, असे ती म्हणते आणि लगेच स्वतःच दुरुस्ती करते की इथे वारा चांगला आहे. कारागिराच्या तोंडचे हे वाक्य आहे. मेंदीचा रंग नखात मुरतो आणि नख वाढून कापले जाईपर्यंत टिकतो. अळता वरवर बसतो, म्हणून तो नीट वाळणे महत्त्वाचे. या साध्या व्यवहारातून राजाला आपल्या सेवेची पहिली संधी दिसते: ते ओले पाऊल आपण फुंकरीने वाळवावे! फुंकर मुळात बकुलावलिकेच्या कामाचा भाग होती, काव्य ती नंतर झाली. ही कला तुला कोणी शिकवली, या मालविकेच्या प्रश्नावर ती आपण महाराजांच्याच शिष्या असल्याचे सांगते. हे उत्तर चतुर आहे, कारण तिच्याकडे दूतीचेही काम आहे. पण आपल्या हातच्या कौशल्याचे श्रेय तिने मालकाला देऊन टाकले, हेही वाचताना खटकते. कामसूत्राने दात, वस्त्रे आणि अंग रंगवणे चौसष्ट कलांत मोजले आहे. कला म्हणून तिला मान होता, करणारीला किती होता ते या उत्तरावरून ताडावे.

अळत्याचा रंग येतो लाखेच्या किड्यापासून. तो पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर पोसला जातो. 'कुमारसंभवा'त पळसाच्या लाल कळ्यांना वसंताने वनस्थलीवर उमटवलेल्या नखक्षतांची उपमा आहे. त्याच पळसावरची लाख नखांपर्यंत येत असे, हा योग आम्हांला त्या उपमेहून अधिक विस्मयाचा वाटतो. 'शाकुंतला'त एक झाड पाय रंगवण्यासाठी लाक्षारस गाळते. ही कविकल्पना खरी, परंतु तिच्यामागे फांद्या तोडून लाख खरवडणारे, ती धुऊन रंग काढणारे हात आहेत आणि त्यांना नाटकात प्रवेश नाही. शंकर पांडुरंग पंडितांनी १८६९ साली मुंबईत 'मालविकाग्निमित्र' संपादित केले, त्या सुमारासच कृत्रिम रंगांनी लाखेच्या रंगाचा बाजार बसवायला सुरुवात केली होती. राळ टिकून राहिली, पुढे तिच्या ग्रामोफोनच्या तबकड्या झाल्या. रंग मात्र मागे पडला. विसाव्या शतकात बाटलीतून आलेल्या नखरंगात लाखेचा किडा नव्हता, तरी त्याला इंग्रजीत 'लॅकर' म्हणू लागले, आणि तो शब्द पोर्तुगीज, अरबी, फारसी अशी वळणे घेत आपल्या लाखेपाशीच येऊन पोहोचतो.

पुन्हा प्रमदवनाकडे येऊ. मद्याने झिंगलेली धाकटी राणी इरावतीही हा प्रकार पाहते. परिणाम चौथ्या अंकात कळतो: मालविका आणि बकुलावलिका दोघींनाही तळघरात कोंडले आहे. वेलीआड उभा असलेला राजा अर्थातच मोकळा आहे. पाऊल रंगवून घेताना मालविकेच्या मनात हेच आपले मृत्युमंडन ठरेल असे येऊन गेले होते; तो केवळ विरहिणीचा अलंकारिक उद्गार नव्हता. विदूषकाने सर्पदंशाचे सोंग करून राणीची नागमुद्रेची अंगठी मिळवली, तेव्हा त्या सुटल्या. पाचव्या अंकात अशोक फुलतो, मालविका विदर्भाची राजकन्या ठरते आणि वैदर्भ पद्धतीचा विवाहवेष लेऊन समोर येते. या वेळी तिला सजवण्याचे काम परिव्राजिका कौशिकीकडे दिलेले असते.